साबणाला तोंड हवं

"वहिनी, साबण एक नंबर आहे, पण त्याला तोंड नाही," असं चौकातला दुकानदार म्हणाला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

आता साबणाला तोंड कशाला? ज्याने तो लावायचा त्याला असलं की झालं, असं कुणीही सरळ माणूस म्हणाला असता. पण दुकानदाराचं म्हणणं वेगळं होतं. वहिनींचा साबण साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळलेला. वर हिरव्या पेनाने 'फेसाळ' असं लिहिलेलं, तेही घाईत. असा माल मांडला तर गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकून तरी बघेल का? "एक छानसा लोगो करा, त्याची रीतसर नोंदणी करा आणि या. मी नवी फळी ठोकतोय, गल्ल्याच्या मागे, अगदी डोळ्यांसमोरची. लोगो आला तर फळी तुमची. नाहीतर तो कपड्यांच्या पावडरवाला आहेच. रोज येऊन स्टुलावर बसतोय."

वहिनी आणि त्यांचे यजमान मिळून घरी निघाले. जिना चढताना वहिनी एकदा "डोळ्यांसमोरची" असं म्हणाल्या, आणि कुलूप उघडताना परत एकदा. आजवर त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर साबण केला आणि दारात उभं राहून विकला. इमारतीतल्या लोकांना, त्यांच्या पाहुण्यांना, पाहुण्यांच्या शेजाऱ्यांना. ती फळी त्यांना किती हवी होती, ते त्यांच्या यजमानांना तेवढ्या दोन वेळच्या पुटपुटण्यावरून कळलं.

यजमान म्हणजे हेडसाहेब. मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते निवृत्त झाले, पदवी काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्यापासून सगळे अजून त्यांना हेडसाहेबच म्हणतात. आता इतका मोठा माणूस घरच्या धंद्यात काय करत असेल? तर ऐका. साबणाच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यापासून त्यांना पहिल्याच दिवशी लांब करण्यात आलं, कारण त्यांच्या चांगल्या पँटीला गुडघ्यावर खिडकी पडली. तराजूपासूनही लांब करण्यात आलं, कारण वजन बरोबर आलं तरी ते "कशावरून?" असं विचारून पुन्हा करायचे. शेवटी वहिनींनी त्यांच्याकडे एकच काम ठेवलं. साच्यातला साबण जरा घट्ट झाला की दाबून बघायचं, धरलाय की नाही.

"कोपऱ्यातला एक दाबलात तरी कळतं हो," वहिनी म्हणाल्या होत्या.

एक? अहो, ज्या माणसाने उभ्या जन्मात एक कागद बघून गठ्ठ्यावर सही केली नाही, तो एक साबण बघून ट्रे पास करणार? साहेब प्रत्येक साबण दाबायचे. उजव्या अंगठ्याने, बरोबर मध्यभागी, सगळ्यांना सारखा जोर. शिक्के मारून मारून तो अंगठा चांगला पसरट आणि वजनदार झालेला. त्यामुळे 'फेसाळ'च्या प्रत्येक वडीला पाठीवर एक खळगा असायचा. वहिनी सुरुवातीला यावरून भांडल्या, मग त्यांनी हात टेकले.

पण आपल्याकडे एवढंच काम, हे साहेबांच्या मनाला लागायचं. कुणी पाहुण्याने विचारलं की, "तुम्ही काय बघता यात?" तर साहेब घसा साफ करून "क्वालिटी" म्हणायचे, आणि तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज यायचा, "दाबतात." पाहुणे हसायचे. साहेबही हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं. बायको एवढं उभं करतेय आणि आपण त्यात काय, तर दाबतो! म्हणूनच दुकानदाराने लोगोचं नाव काढल्याबरोबर साहेबांच्या अंगात वारं शिरलं.

"लोगो माझ्याकडे सोड," ते म्हणाले. "तू यात पडू नकोस."

वहिनींना ओट्यावर दुसरं ढीगभर काम होतं. त्या पडल्या नाहीत.

साहेबांनी जेवणाच्या टेबलावर कोरे कागद, टोक केलेल्या पेन्सिली, खोडरबर आणि पट्टी अशी मांडामांड केली. चष्मा पुसला. मग काय काढायचं याचा विचार करता करता पेन्सिलींना आणखी टोक केलं. शेवटी राजहंस ठरला. शुभ्र, पाण्यात राहणारा, चारचौघांत मान ताठ ठेवणारा. या शेवटच्या गुणामुळे साहेबांना तो विशेष जवळचा वाटला. संध्याकाळी वहिनी हात पुसत आल्या आणि कागदाकडे बघून मनापासून म्हणाल्या, "किटली छान आलीय."

साहेबांनी कागद उलटा ठेवला आणि तज्ज्ञांना बोलवायचं ठरवलं.

तज्ज्ञ दोन. एक वरच्या मजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर, शाळेतून निवृत्त. दुसरा वहिनींचा भाऊ, म्हणजे साहेबांचा मेहुणा. मेहुण्याला जगातल्या कुठल्याही विषयात गती आहे. काम तेवढं त्याने एकही पुरं केलेलं नाही. दोघे चहाला आले आणि बाहेरच्या खोलीत बैठक बसली.

मास्तरांनी किटलीचा पहिल्या झटक्यात राजहंस केला, हे मान्य केलं पाहिजे. साहेबांना वाटलं, झालं काम. पण मास्तर पेन्सिल खाली ठेवीनात. "सुंदर आहे, पण अर्थ नाही," ते म्हणाले. "हंस दिसतोय. साबण कुठे दिसतोय?" म्हणून हंसाच्या खाली पाण्याचे थेंब आले.

"थेंब बघून लोकांना वाटेल नळ दुरुस्तीवाला आहे," मेहुणा म्हणाला. "भावजी, नैसर्गिक आहे ना आपला माल? मग पान दाखवा. हल्ली पान असल्याशिवाय कुणी हात लावत नाही."

हंस पानावर बसला. मग ताजेपणा दिसत नाही म्हणून मागून सूर्य उगवला. मग मेहुणा म्हणाला की सगळं ठीक आहे, पण दरारा नाही. साबणाला दरारा कशाला, असं विचारायची साहेबांना इच्छा झाली. पण दरारा हा शब्द त्यांना एकंदरीत आवडतो, त्यामुळे हंसाला मुकुट मिळाला. शेवटी हे सगळं सांडू नये म्हणून मास्तरांनी भोवती एक वर्तुळ काढलं.

तिघांनी कागद भिंतीला टेकवून लांबून पाहिला. लांबून तो फारच भारी दिसत होता.

"आणि हे काय?" मेहुण्याने तेवढ्यात टेबलावरची एक वडी उचलली आणि उलटी केली. "भावजी, मागे पोचा आलाय याला."

"पोचा नाही तो," साहेब म्हणाले. "तपासणीची खूण आहे."

"गिऱ्हाईकाला काय माहीत? ते म्हणणार, माल पडला वाटतं कुठेतरी. पुढे मुकुटवाला हंस आणि मागे पोचा! शोभतं का?"

मास्तरांनी वडी हातात घेऊन खेदाने मान हलवली. साहेबांचा चेहरा पडला. म्हणजे बायकोच्या सोन्यासारख्या मालात खोट कसली, तर आपल्या अंगठ्याची. सुरुवातीला भांडली, मग या बिचारीने इतके दिवस सोसलं!

दुसऱ्या दिवशी वहिनी तेल आणायला बाजारात गेल्या तशी साहेबांनी तयार ट्रे टेबलावर ओढले, भाजी चिरायची सुरी घेतली आणि एकेक वडी खरवडून सपाट करायला बसले. खळगा जाईपर्यंत खरवडायचं म्हणजे बराचसा साबणही जायचा, पण साहेब मागे हटले नाहीत. दुपार सरली. नखांत साबण, मिशीत साबण. पाणी प्यायला उठले तर पाय असा सटकला की टेबल धरून उभं राहावं लागलं. वहिनी आल्या, त्यांनी ट्रेकडे बघितलं.

"अहो, आजारातून उठल्यासारखे काय दिसताहेत हे?"

"फिनिशिंग केलंय," साहेब म्हणाले. "ब्रँड म्हटलं की फिनिशिंग लागतं."

वहिनींच्या दोन्ही हातांत तेलाचे डबे होते आणि पाच मजले चढून आल्यामुळे वाद घालायला श्वास नव्हता. त्यांनी त्या वड्या नेहमीसारख्या कागदात गुंडाळल्या आणि नेहमीच्या घरी पोचवल्या.

साहेब लोगो घेऊन छापखान्यात गेले. छापखानेवाल्याने चित्र निरखलं, "भरपूर आहे," असं म्हणाला आणि ते साबणाच्या कागदावर बसेल एवढं लहान करून नमुना काढून दिला. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. कागदाच्या बरोबर मध्ये एक काळा ठिपका होता.

"शाई सांडली का हो?"

"नाही नाही, हंस आहे," छापखानेवाला म्हणाला. "एवढ्याशा जागेत एवढी मंडळी कोंबल्यावर काय होणार? हा इथे मुकुट असेल."

"पण हा तर डाग दिसतोय!"

"ते तुम्ही बघा. साबणावर डाग छापणारे तुम्ही पहिलेच," असं म्हणून छापखानेवाला एवढा हसला की त्याला मशीन बंद करावं लागलं. लोक स्वतःच्या विनोदावर इतकं हसतात ना, काही धरबंध नाही.

साहेब मोठं चित्र तेवढं काखोटीला मारून बाहेर पडले. लहान मोठं काय ते पुढे बघू, आधी नोंदणी उरकू. कचेरी म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला होता. तिथे त्यांना कोण हसणार?

नोंदणीच्या कचेरीत खिडकीच्या या बाजूला उभं राहायची साहेबांना सवय नव्हती. आत ज्या बाई बसल्या होत्या त्यांनी मान वर न करता कागद ओढून घेतला. ही मान वर न करण्याची खुबी साहेबांनी स्वतः कितीतरी नव्या लोकांना शिकवली होती, त्यामुळे रागावतानाही त्यांना जरा कौतुक वाटलं.

"हंस पाण्याच्या टाकीवाल्यांचा आहे," बाई म्हणाल्या.

"आमचा डावीकडे बघतोय."

"त्यांचा दोन्हीकडे बघतो. हंस नाही चालणार." त्यांनी लाल पेनाने हंसावर फुली मारली. "मुकुटाला वरची परवानगी लागते. पान चहावाल्यांनी घेतलंय. सूर्य गादीवाल्यांचा. थेंब..." त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी टकटक केली. "थेंब रंगवाले."

फुल्या पडत गेल्या. साहेबांनी खिडकीत वाकून विचारलं, "आणि वर्तुळ?"

"वर्तुळ सगळ्यांचं असतं. त्याची नोंदणी होत नाही."

"मग आमचं काय उरलं?"

"अर्ज," बाई म्हणाल्या आणि तो त्यांनी परत केला. "पुढचे कोण?"

एवढा पाणउतारा साहेबांचा आयुष्यात झाला नव्हता. घरी जाताना त्यांनी मुद्दाम चौक टाळला. तरी पलीकडच्या गल्लीतून नव्या फळीवर हातोडा पडतोय तो ऐकू आलाच. वहिनींना काय सांगायचं? लोगो माझ्याकडे सोड, म्हणालो होतो. सोडला बिचारीने. तिने आजवर एक गोष्ट विश्वासाने हातात दिली आणि तिचं आपण हे करून ठेवलं!

जिन्यात पोचले तर वरून गलका. त्यांच्या दारात माणसंच माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात साबण. मध्ये वहिनी उभ्या, पार गोंधळलेल्या.

"हा साबण तुमचा नाही!" तिसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी आपटून सांगत होत्या. "कुणीतरी नकली माल घालतंय तुमच्या नावाने. माझी बोटं आखडलेली. मी त्या खळीत अंगठा रोवून धरते, म्हणून आंघोळ होते माझी. आज सकाळी धरायला गेले तर खळीच नाही! सटकला तो सटकला आणि खिडकीतून गेला खाली."

"तो माझ्याकडे आला," दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या. "वाळत घातलेल्या गणवेशाच्या खिशात."

इमारतीच्या सेक्रेटरींनी 'नकली फेसाळपासून सावध राहा' अशी सूचना खालच्या फळ्यावर लिहूनही टाकली होती. चित्रकलेचे मास्तर सगळ्यांच्या मागे उभे होते, त्यांच्याही हातात ओला साबण. "म्हणजे दिसायला सपाट बरा आहे," ते खाली बघत म्हणाले, "पण अंगठा कुठे ठेवायचा ते कळत नाही." आणि या सगळ्यावर कडी म्हणजे जिना धावत चढून मेहुणा आला. "ताई, फसवणूक आहे ही! खरा माल मी लगेच ओळखतो. याच्यात पोचा कुठाय?"

वहिनींची नजर गर्दीतून वाट काढत यजमानांवर येऊन थांबली.

"अहो, तुम्ही हे दाबले नव्हते का?"

"दाबले होते," साहेब म्हणाले. मग सगळ्यांसमोर, मान खाली घालून, "मग खरवडून काढले. मला वाटलं, ती खोट आहे. माझ्यामुळे तुझ्या मालाला आलेली."

आजींनी पिशवीतून जुन्या 'फेसाळ'चा झिजलेला तुकडा काढला. झिजून अर्धा झाला होता, पण खळी शाबूत होती. त्यांनी साहेबांचा हात धरला, अंगठा त्या खळीवर टेकवला, आणि तो अस्सा बसला!

"अगंबाई!" आजी ओरडल्या. "म्हणजे रोज सकाळी मी यांच्या अंगठ्याला धरून आंघोळ करते होय?"

यावर जो हशा पिकला तो विचारू नका. नर्सबाई पायरीवर बसल्या. साहेब कानापर्यंत लाल झाले. अख्खी इमारत रोज उठून आपल्या अंगठ्यात अंगठा घालते, यावर लाजायचं की ताठ व्हायचं हे त्यांना ठरवता येईना. आनंद मात्र इतका झाला की तो लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

वहिनी हसत नव्हत्या. त्या आत गेल्या आणि हिरवं पेन घेऊन आल्या. साहेबांच्या काखेत ते फुल्या मारलेलं चित्र होतं, ते ओढून घेऊन त्यांनी उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला एक वडी काढली, आणि वडीच्या मध्ये एक खळी. बस्स. मास्तरांनी पेन्सिलीसाठी खिशात हात घातला, तशी त्या म्हणाल्या, "मास्तर, हात लावायचा नाही."

"पण ताई, यात दरारा..."

"तूही गप्प बस."

छापखानेवाल्याने ते कितीही लहान केलं तरी खळी खळीच राहिली, आणि या वेळी त्याला हसायला काही मिळालं नाही. दुकानदाराने कागद बघितला, मग स्वतःचा अंगठा त्या चित्रावर टेकवला. त्याच्याही घरी 'फेसाळ'च होता. "आहे की तोंड! गालाला खळीसुद्धा आहे," तो म्हणाला. "नोंदणीची पावती तेवढी आणा. तोवर पावडरवाल्याला स्टूल देत नाही." मेहुणा मात्र सुधारला नाही. जन्मभर लफ्फेदार सही करणारे आमचे भावजी म्हातारपणी अंगठेबहाद्दर झाले, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. साहेबांनी मनावर घेतलं नाही. ते नव्या ट्रेपाशी बाह्या सरसावून बसले होते, आणि वहिनी शेजारी उभ्या राहून, "घाई नको, नीट मध्यावर," असं सांगत होत्या.

नोंदणीच्या कचेरीत या वेळी दोघे मिळून गेले. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता कागद घेतला, कॉम्प्युटरवर टकटक केली, थांबल्या, आणखी टकटक केली.

"हे चिन्ह कुणाचंच नाही," त्या जरा नाराजीनेच म्हणाल्या. "हे आहे तरी काय?"

"खळगा आहे," साहेब म्हणाले. "अंगठ्याचा."

"कुणाच्या अंगठ्याचा?"

"माझ्या."

बाईंनी शिक्का उचलला आणि अर्जावर दाणकन मारला. तो आवाज ऐकून साहेबांचा अंगठा आपोआप वळवळला. मग बाईंनी अर्जावरचं वहिनींचं नाव वाचलं, समोर उभ्या असलेल्या साहेबांकडे बघितलं, आणि त्यांची मान पहिल्यांदाच पूर्ण वर आली.

"म्हणजे अर्जदार तुम्ही का?"

"छे छे," साहेबांनी कॉलर सारखी केली आणि बायकोला खिडकीसमोर जागा करून दिली. "अर्जदार या. मी चिन्ह आहे."